कामागणिक हात

१९७१ साली आर. सी. ओल्डफील्ड या ब्रिटिश मानसशास्त्रज्ञाने माणसाचा कल कोणत्या हाताकडे आहे हे मोजण्यासाठी एक साधी प्रश्नावली प्रसिद्ध केली. एडिंबरा शहराच्या नावाने ती ओळखली जाते आणि संशोधक आजही ती वापरतात. तिच्यात दहा कामं आहेत: लिहिणं, चित्र काढणं, वस्तू फेकणं, कात्री चालवणं, दात घासणं, सुरीने कापणं, चमच्याने खाणं, केर काढताना झाडूच्या दांड्यावर वरचा हात कोणता, काडेपेटीवर काडी कोणत्या हाताने ओढता आणि डब्याचं झाकण कोणत्या हाताने उघडता. उजव्या हाताच्या कामांतून डाव्या हाताची कामं वजा करायची, एकूण कामांनी भागायचं, शंभराने गुणायचं. सगळीच कामं उजव्या हाताने करणाऱ्याला अधिक १००, सगळीच डाव्याने करणाऱ्याला उणे १००. बाकीचे मधे कुठेतरी.

ही यादी मराठी घरात आणून पाहावी. आपली केरसुणी एका हाताची, तिला वरचा हात आणि खालचा हात नसतोच. विळीवर भाजी चिरताना पातं जागचं हलत नाही, दोन्ही हात मिळून भाजी पुढे सरकवतात. जेवण बोटांनी, आणि ती बोटं उजव्याच हाताची हवीत हे मूल नीट बोलायला लागायच्या आत ठरून गेलेलं असतं. तीर्थप्रसाद, दक्षिणा, दुकानदाराच्या हातात ठेवायचे पैसे, सगळं उजव्या हाताने. मात्र पंगतीत उजवा हात खरकटा झाला की पाण्याचं भांडं उचलायला आणि वाढून घ्यायला डावा पुढे येतो, मग माणूस कितीही उजवा असो.

आता आपल्याकडची एखादी डावखुरी मुलगी घ्या. लिहिते, चित्र काढते, चेंडू फेकते, दात घासते, काडी ओढते आणि झाकण उघडते डाव्या हाताने. चमचा उजव्या हातात, कारण घरचं वळण. कात्री उजव्या हातात, कारण घरातली कात्री उजव्या हाताची. सुरी आणि केरसुणीही उजव्या हातात, कारण आईने शेजारी बसून तशी शिकवली. सहा कामं डावी, चार उजवी. गणित मांडलं की आकडा येतो उणे २०. शाळेत सगळे तिला डावरी म्हणतात, पण प्रश्नावलीच्या पट्टीवर ती मध्याच्या जवळ, मिश्र हाताच्या माणसांत जाऊन बसते. दोन्ही हात सारखेच तरबेज असणारी माणसं अगदी विरळा. अमुक काम या हाताने आणि तमुक त्या हाताने, अशी वाटणी करून जगणारी माणसं मात्र घरोघरी सापडतात.

म्हणूनच जगात डावखुरे किती, या प्रश्नाचं उत्तर कसं विचारलं यावर हलतं. २०२० साली जुन्या-नव्या अभ्यासांचा एकत्र हिशेब प्रसिद्ध झाला, त्यात वीस लाखांहून अधिक माणसांची माहिती होती. एकूण प्रमाण निघालं १०.६ टक्के. पण व्याख्या आवळली तर ९.३ आणि सैल सोडली तर १८.१ टक्के. माणसं तीच, त्यांचे हातही तेच, तरी आकडा जवळजवळ दुप्पट होतो.

क्रिकेटच्या मैदानावर ही वाटणी उघड्यावर दिसते. सचिन तेंडुलकर फलंदाजी उजव्या हाताने करायचा, गोलंदाजीही उजव्याच हाताने, आणि सही करायचा डाव्या हाताने. सौरव गांगुली डावखुरा फलंदाज, पण चेंडू टाकायचा उजव्या हाताने. रवी शास्त्री यांची बॅट उजवी आणि फिरकी डावी. सांगलीची स्मृती मानधना डावखुरी फलंदाजी करते आणि गोलंदाजी करायची वेळ आली की उजवा हात वापरते. यात विसंगती काहीच नाही. बॅट दोन्ही हातांनी धरतात आणि ‘उजवा फलंदाज’ म्हणजे ज्याचा डावा हात दांड्यावर वर असतो तो. फटक्याची दिशा सांभाळण्यात या वरच्या हाताचा वाटा मोठा. २०१६ साली डेव्हिड मॅन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी व्यावसायिक फलंदाज आणि फारसं न खेळलेली माणसं यांची तुलना केली. सराईत हात दांड्यावर वर ठेवून खेळण्याचं प्रमाण व्यावसायिकांमध्ये सुमारे सातपट निघालं. त्या दृष्टीने पाहिलं तर सचिनचा लिहिता हात आणि बॅटवरचा वरचा हात एकच होता. ‘उजवा फलंदाज’ हे त्याच्या उभं राहण्याचं नाव आहे, हाताचं नव्हे. लहान मुलाच्या हातात पहिल्यांदा बॅट देताना प्रशिक्षकांनी हा अभ्यास लक्षात ठेवावा असं मला मनापासून वाटतं. लिहिता हात पाहून त्याला कोणत्या बाजूने उभं करायचं ते ठरवून टाकू नये.

सरावाने हात किती बदलतो याचा एक जुना दाखला आहे. नोव्हेंबर १९०९ मध्ये इंग्लंडहून दक्षिण आफ्रिकेला जाताना ‘किल्डोनन कॅसल’ या बोटीवर गांधीजींनी ‘हिंद स्वराज’ लिहिलं. उजवा हात दुखून आला की ते डाव्या हाताने लिहीत, आणि हस्तलिखिताची सुमारे चाळीस पानं तशी डाव्या हाताने लिहिलेली आहेत. थकलेल्या हाताला विश्रांती म्हणून दुसरा हात पुढे करणं वेगळं आणि लहान मुलाचा चालता हात धरून थांबवणं वेगळं. त्याकडे येतोच, पण आधी हत्यारांविषयी, कारण डावखुऱ्यांचा रोजचा झगडा तिथे आहे.

कात्रीचंच पाहा. उजव्या हाताने कात्री मिटताना अंगठा नकळत एका बाजूला रेटतो आणि बोटं दुसऱ्या बाजूला ओढतात. त्या जोराने दोन्ही पाती एकमेकांना घट्ट घासतात आणि कापड कापलं जातं. तीच कात्री डाव्या हातात घेतली की हाच जोर उलटा पडतो, पाती एकमेकांपासून दूर ढकलली जातात आणि कापड कापलं न जाता त्यांच्यामध्ये मुडपतं. शिवाय वरचं पातं खडूची रेघच झाकून टाकतं, त्यामुळे डावखुऱ्याला अंदाजाने कापावं लागतं. हस्तकलेच्या तासाला ‘हिचा हात साफ नाही’ असा शेरा मिळालेल्या कितीतरी मुलींच्या हातात मुळात दुसऱ्या हातासाठी घडवलेली कात्री असते.

स्क्रूचं गणित याहून सूक्ष्म आहे. हाताचा पंजा बाहेरच्या बाजूला, तळवा आकाशाकडे येईल असा वळवण्यात माणसाची ताकद जास्त असते, कारण त्या हालचालीला दंडाचा मोठा स्नायू मदत करतो. उजव्या हाताला ही हालचाल घड्याळाच्या काट्यांच्या दिशेने पडते, म्हणजे नेमकी स्क्रू आवळण्याच्या दिशेने. डाव्या हाताला ती सैल करण्याच्या दिशेने पडते. त्यामुळे स्क्रू आवळताना डावखुऱ्याला जास्त कष्ट पडतात, पण घट्ट बसलेलं बरणीचं झाकण काढायला डावा हात सोयीचा. शस्त्रक्रियेतल्या चिमट्यांच्या खटक्यापासून कॅमेऱ्याच्या बटणापर्यंत ही उजवी घडण पसरलेली आहे. बायाडग्गा डावीकडे आणि तबला उजवीकडे ही मांडणी डावखुरा वादक उलटी करून घेऊ शकतो. शिलाई मशीनचं चाक त्याला उलटं बसवून मिळत नाही.

आणि लेखणी. देवनागरी डावीकडून उजवीकडे जाते. उजव्या हाताचं मूल पेन ओढत नेतं. डावखुरं मूल तेच पेन ढकलत नेतं, आणि ढकललेली निब कागदात रुतते. शिवाय त्याचा पंजा नुकत्याच लिहिलेल्या ओल्या अक्षरांवरून फिरतो, म्हणून करंगळीखालची कड निळी होते आणि वही फराटते. शिरोरेषेने यात भर पडते. शब्द लिहून झाल्यावर वर एक लांब रेघ, प्रत्येक शब्दाला, दिवसभर. रोमन लिपीत अशी सक्तीची रेघ नाही. मोडी लिहिणारे कारकून आधी ओळभर शिरोरेषा आखून घेत आणि मग तिला अक्षरं टांगत. ती सोय देवनागरीच्या शाळेत नाही. उर्दू माध्यमाच्या वर्गात चित्र उलटं असतं: तिथे ओळ उजवीकडून सुरू होते, त्यामुळे डावखुऱ्या मुलाचा हात ओल्या शाईपासून लांब जात राहतो.

ही अडचण ओळखण्याऐवजी शाळांनी पिढ्यान् पिढ्या मुलाचा हातच बदलला. युरोप-अमेरिकेतही हेच चाललं होतं, आणि त्याचा माग एका चमत्कारिक ठिकाणी सापडला. १९८६ साली ‘नॅशनल जिऑग्राफिक’ मासिकाने वाचकांकडे वासाची चाचणी पाठवली, अंकातली पट्टी खरवडायची आणि वास ओळखायचा. सोबतच्या प्रश्नांत लिहिण्याचा आणि फेकण्याचा हातही विचारला होता. अमेरिकेतून अकरा लाखांहून अधिक उत्तरं आली. गिल्बर्ट आणि वायसोकी यांनी ती १९९२ मध्ये जन्मसालानुसार मांडली, तेव्हा जुन्या पिढीत डाव्या हाताने लिहिणारे अगदी थोडे आणि पुढच्या पिढ्यांत कितीतरी जास्त निघाले. इतक्या थोड्या वर्षांत माणसाची जनुकं बदलत नाहीत. बदलली होती ती शाळा.

हे ध्यानात न घेतल्याने १९९१ साली एक भयंकर बातमी जगभर पसरली. कोरेन आणि हॅल्पर्न यांनी कॅलिफोर्नियातल्या सुमारे हजार मृत्यूंची माहिती घेऊन लिहिलं की, डावखुरी माणसं सरासरी नऊ वर्षं आधी मरतात. पण मृतांमधले म्हातारे ज्या काळात वाढले त्या काळात त्यांचा डावा हात बालपणीच सोडवलेला होता, म्हणून नोंद ‘उजवा’ अशी झाली. डावखुरे म्हणून नोंदले गेले ते बहुतांशी तरुण पिढीतले, आणि त्यांच्यातला जो मेला तो अर्थातच लहान वयात मेला. पुढच्या अभ्यासांनी ही नऊ वर्षं खोडून काढली, तरीही ती बातमी अधूनमधून व्हॉट्सअ‍ॅपवर फिरते. घरी डावखुरं मूल असेल तर ती पुढे पाठवू नका.

हात बदलला म्हणून मेंदू बदलतो का? २००२ साली जर्मनीत, लहानपणी उजव्या हाताकडे वळवलेल्या प्रौढांच्या मेंदूंची छायाचित्रं ते लिहीत असताना घेतली गेली. कित्येक वर्षं उजव्या हाताने लिहूनही, मुळात डाव्या हाताची कामं सांभाळणारा त्यांच्या मेंदूचा उजवा भाग लिहिताना जागा होत होता. वरून सगळं सुरळीत दिसत असलं तरी आतलं काम दुप्पट वाटांनी चाललेलं. ज्यांना शाळेत हातावर पट्टी बसली, त्या आजच्या आजी-आजोबांपर्यंत ही गोष्ट पोहोचावी असं मला वाटतं. त्यांचं अक्षर वाईट आलं यात त्यांचा आळस नव्हता.

डावखुरे उजव्या मेंदूने विचार करतात आणि म्हणून कलावंत होतात, हा समज गोड असला तरी टिकत नाही. २००० साली क्नेख्त आणि सहकाऱ्यांना असं आढळलं की, भाषेचं काम मेंदूच्या उजव्या अर्ध्याकडे असण्याचं प्रमाण पक्क्या उजव्या माणसांत ४ टक्के, मिश्र हाताच्या माणसांत १५ आणि पक्क्या डावखुऱ्यांत २७ टक्के असतं. म्हणजे बहुतेक डावखुऱ्यांचीही भाषा मेंदूच्या डाव्याच बाजूला नांदते. आणि हे आकडेही पायऱ्या-पायऱ्यांनी चढतात, मधली माणसं खरोखर मधेच असतात.

कल पोटातच ठरायला लागतो. बेलफास्टच्या पीटर हेपर यांनी सोनोग्राफीत अंगठा चोखताना दिसलेल्या गर्भांना दहा-बारा वर्षांनी पुन्हा गाठलं. उजवा अंगठा चोखणारे साठ, ते सगळे उजवे निघाले. डावा चोखणारे पंधरा, त्यांतले दहा डावखुरे आणि पाच उजवे. जनुकांचा वाटा आहे, पण जुळ्यांच्या अभ्यासांनुसार साधारण पाव हिश्शाचा. २०२० साली सतरा लाखांहून अधिक माणसांची जनुकं तपासली तेव्हा डावखुरेपणाशी संबंधित ४१ जागा सापडल्या आणि प्रत्येकीचा परिणाम इवलासा. एकसारख्या जुळ्यांत एक डावखुरा आणि एक उजवा असं सर्रास आढळतं. तेव्हा ‘हा कुणावर गेला?’ याचं उत्तर शोधत आईकडच्यांनी आणि वडिलांकडच्यांनी वाद घालण्यात अर्थ नाही.

घरात आणि वर्गात काय करावं, हे मात्र स्पष्ट सांगता येतं. वर्ष-दीड वर्षाच्या आतलं मूल ठामपणे एकच हात वापरत असेल तर ते बालरोगतज्ज्ञांना दाखवावं, कारण इतक्या लवकर कल दिसणं कधीकधी दुसऱ्या हाताच्या अशक्तपणाचं लक्षण असतं. पुढे तीन-चार वर्षांपर्यंत मूल हात बदलत राहतं, ते पाहत राहावं, ठरवू नये. जेवणाचा उजवा हात घराघराची रीत आहे आणि ती बहुतेक मुलं पेलतात, त्यावरून मी घरात भांडण लावणार नाही. लिहिता हात मात्र मुलाचा. वही मुलाच्या मध्यरेषेच्या जराशी डावीकडे ठेवावी आणि तिची वरची कड उजवीकडे कलती करावी, म्हणजे मनगट वाकडं करून ओळीच्या वरून लिहावं लागत नाही. पेन्सिल टोकापासून थोडी वर धरायला शिकवावं, म्हणजे लिहिलेलं दिसतं. शिरोरेषा त्याला उजवीकडून डावीकडे ओढाविशी वाटली तर ओढू द्यावी, कागदावर रेघ तीच उमटते. बाकावर डाव्या टोकाला बसवावं, नाहीतर शेजारच्याच्या उजव्या कोपराशी दिवसभर टक्कर होते. एका हाताची फळी असलेल्या खुर्च्यांवर परीक्षा असेल तर डाव्या फळीची खुर्ची किंवा साधं टेबल आधीच मागून ठेवावं. आणि कात्री घेताना टोकं समोर करून ती उघडावी. वरचं पातं डावीकडे दिसलं तर ती डाव्या हाताची. नुसत्या मुठी वळवलेल्या असतील आणि वरचं पातं उजवीकडेच असेल तर ती कात्री परत करावी.