दर्याचा पक्षी, घाटाच्या पायथ्याशी

कर्जत आणि खालापूर या रायगडच्या तालुक्यांना समुद्रकिनारा नाही. कर्जतची उल्हास वसईच्या खाडीकडे जाते, खोपोलीची पाताळगंगा धरमतरच्या खाडीकडे; खुला समुद्र पन्नासेक किलोमीटर लांब. पण पावसाळी वाऱ्याला हे अंतर काहीच नाही. 3 जून 2020 रोजी अलिबागजवळ धडकलेलं निसर्ग चक्रीवादळ त्याच दिवशी घाट चढून पुण्या-नाशिकच्या दिशेने गेलं. वादळ नसलं तरी जून ते सप्टेंबर नैऋत्येचा वारा कोकणात घुसत असतो, आणि पुढे माथेरान, बोरघाट आणि सह्याद्रीची भिंत. समुद्रावर दमलेला पक्षी या वाऱ्यात सापडला, तर खाडी ओलांडून आत फेकला जातो. असाच एक पक्षी म्हणजे मास्क्ड बूबी. मुंबईपासून सिंधुदुर्गापर्यंत पावसाळ्यात तो किनाऱ्यावर थकून पडलेला सापडतो.

बूबींमध्ये हा सर्वांत मोठा. पंख पसरले की टोकापासून टोकापर्यंत दीड मीटरहून अधिक, वजन मात्र दीड-दोन किलोच्या आसपास. अंग पांढरंशुभ्र, पंखांची मागची कड आणि शेपटी काळी, चोचीच्या मुळाशी काळसर कातडी. त्या मुखवट्यावरूनच नाव पडलं. पिल्लू वेगळं दिसतं: डोकं तपकिरी आणि मानेवर पांढरा पट्टा. घरटं सोडलेली ही तरुण पोरं समुद्रावर लांबलांब भटकतात.

यांचं घर आपल्याकडे नाही. अरबी समुद्राच्या पलीकडच्या काठाला, ओमानच्या बेटांवर यांच्या वसाहती आहेत. पावसाळ्यात त्या किनाऱ्याला खोल समुद्रातलं थंड पाणी वर येतं आणि मासळी मुबलक होते. घरटं म्हणजे उघड्या जमिनीवरचा खळगा. मादी बहुधा दोन अंडी घालते आणि दोघं आळीपाळीने ती पायांच्या पडद्याखाली उबवतात, कारण उबवण्यासाठी इतर पक्ष्यांच्या पोटावर जशी उघडी कातडी असते तशी यांना नसते. पहिलं पिल्लू आधी बाहेर येतं, दुसरं काही दिवसांनी. आणि थोरलं धाकट्याला हुसकावून मारतं. दोन्ही अंडी उबली तरी उडण्यापर्यंत पोहोचतं ते जवळपास नेहमी एकच. दुसरं अंडं विम्यासारखं: पहिलं वाया गेलं तरच त्याचा उपयोग. उडायला शिकायला पिल्लाला चारेक महिने लागतात. नर शीळ घालतो, मादी भसाड्या आवाजात ओरडते. एकसारख्या दिसणाऱ्या जोडीत कोण कोण, हे आवाजावरून कळतं.

पोट भरायचं ते उडत्या माशांवर आणि माकुलांवर. डोळे पुढच्या बाजूला वळलेले असल्याने अंतर अचूक कळतं. दहा-पंधरा मीटर उंचीवरून, कधी त्याहूनही वरून, पंख मागे ओढून तो पाण्यात सूर मारतो. या धडकेची तयारी अख्ख्या देहात आहे. चेहऱ्याच्या आणि छातीच्या कातडीखाली हवेच्या पिशव्या असतात, त्या मार झेलतात. चोचीच्या कडा करवतीसारख्या, म्हणजे निसरडा मासा सुटत नाही. बाहेरच्या नाकपुड्या बंद, म्हणजे पाणी आत शिरत नाही. श्वास घ्यायचा तो चोचीच्या कोपऱ्यातून. समुद्राचं खारं पाणी पोटात गेलं तरी डोळ्यांजवळच्या ग्रंथी जास्तीचं मीठ बाहेर टाकतात.

दर्यावर जे बळ, तेच भातखाचराच्या बांधावर अडचणीचं. लांब अरुंद पंखांना उठायला समोरून वारा लागतो किंवा कड्यासारखी उंची. वारा पडलेल्या सपाट जागी, उपाशी आणि भिजलेला बूबी नुसता फडफडतो. पायाच्या चारही बोटांना जोडणारा पडदा चालायला फार कामाचा नाही. त्याचं एकही हाड मोडलेलं नसतं, तरी बघणाऱ्याला तो जखमी वाटतो.

मग चांगल्या हेतूनेच घोटाळे होतात. कोणी त्याला उडायला मदत म्हणून हवेत फेकतं, आणि तो आपटून खरोखर जखमी होतो. कोणी मोरबे धरणात किंवा गावच्या तळ्यात सोडायला निघतं, पण त्याला हवा असतो समुद्र आणि त्याआधी विश्रांती. सर्वांत घातक म्हणजे चोच चावते म्हणून ती रबराने किंवा चिकटपट्टीने घट्ट बांधणं. नाकपुड्या बंद असलेल्या पक्ष्याची चोच आवळली तर तो गुदमरतो. उघड्या चोचीत पाणी ओतलं तर तेही श्वासनलिकेत जाऊ शकतं.

तेव्हा पुढच्या पावसाळ्यात शेतात, रस्त्याकडेला किंवा फार्महाऊसच्या अंगणात असा मोठा अनोळखी पक्षी बसलेला दिसला, तर कुत्र्यांना आणि बघ्यांना लांब ठेवा. मागून जाऊन जाड टॉवेल टाका, तोंड त्याच्यापासून दूर ठेवा; तो सरळ डोळ्यांवर चोच मारतो. हवेसाठी भोकं पाडलेल्या मोठ्या खोक्यात, कोरड्या आणि अंधाऱ्या जागी ठेवा. खायला-प्यायला काही देऊ नका, फोटोसाठी हाताळू नका. वन्य पक्षी घरी ठेवणं कायद्यातही बसत नाही, म्हणून लगेच जवळच्या वनविभागाला कळवा. ‘हॅलो फॉरेस्ट’चा 1926 हा क्रमांक त्यासाठीच आहे. वेळेवर उपचार मिळाले तर बूबी परत समुद्रावर जाऊ शकतो, आणि तिथे तो वीस वर्षांहून अधिक जगू शकतो.