चंदनाच्या पिशवीतली तूर

चंदनाची रोपं विकत घेतलेल्या एका वाचकाची तक्रार आहे: नर्सरीवाल्यानं प्रत्येक पिशवीत चंदनाशेजारी तुरीचं रोप लावून दिलं, ही फसवणूक तर नव्हे? नव्हे. तूर नसती, तरच शंका घ्यायला हवी होती. चंदन आपलं अन्न पानांत स्वतः तयार करतं, पण पाणी आणि क्षारांसाठी त्याची मुळं शेजाऱ्याच्या मुळांना शोषक गाठी मारतात. जॉन स्कॉट यांनी हे १८७१ मध्ये दाखवलं. त्याआधीच, १७९२ मध्ये, टिपूनं म्हैसूर राज्यात चंदनाला राजवृक्षाचा मान दिला होता. राजवृक्ष, आणि तोही परावलंबी! तूर एक-दोन वर्षांत संपते. पुढे करंज, सुरू असा दमदार यजमान जवळ लावावा लागतो. एकरी कोटींची स्वप्नं विकणाऱ्या जाहिरातींत याचा उल्लेख मला दिसलेला नाही.

यजमान जवळ आलाय हे जमिनीखाली कळतं कसं? चंदनापेक्षा याचा सखोल अभ्यास झाला आहे तो ज्वारीतल्या टारफुला या परजीवी तणावर. त्याचं धुळीसारखं बी मातीत वर्षानुवर्षं पडून राहतं आणि यजमानाच्या मुळांतून पाझरणाऱ्या रसायनाची चाहूल लागली, तरच रुजतं. असं एक रसायन, स्ट्रिगॉल, १९६६ मध्ये सापडलं ते कापसाच्या मुळांतून. गंमत अशी, की कापसावर टारफुला जगूच शकत नाही. तिथं रुजलेलं बी उपाशी मरतं.

पण झाडानं स्वतःच्या वैऱ्याला जागं करणारं रसायन मातीत सोडावंच कशाला? उत्तर २००५ मध्ये जपानमधून आलं. स्फुरद कमी पडलं, की झाड मुळांशी सहजीवन करणाऱ्या बुरशीला अशा रसायनांनी बोलावतं. दवंडी गावासाठी पिटली, चोरानंही ऐकली! त्यावर कडी झाली २००८ मध्ये: हीच रसायनं झाडाच्या आत संप्रेरकाचं काम करतात आणि बगलफुटीला आवर घालतात, असं दोन गटांनी दाखवलं. ‘झाडं एकमेकांशी बोलतात’ या गोड पुस्तकांपेक्षा मला हे कितीतरी सुरस वाटतं.

झाडाच्या आतल्या अशा संदेशांत ढवळाढवळ झाली तर काय होतं, ते म्हैसूरनं भोगलं आहे. १८९९ मध्ये कोडगूत चंदनावर ‘स्पाइक’ रोगाची नोंद झाली आणि तो म्हैसूरच्या जंगलांत पसरला. पानं बारीक, ताठ होतात, पेरं आखडतात, फुलं-फळं थांबतात, मुळांवरच्या गाठीही मरतात. दोन-तीन वर्षांत झाड जातं. कुणी वणव्याला दोष दिला, कुणी घाणेरीला. विश्वेश्वरय्या दिवाण असताना म्हैसुरात चंदनतेलाचा कारखाना उभा राहत होता, त्याच सुमारास, १९१७ मध्ये, संस्थानाचे कृषी संचालक लेस्ली कोलमन यांनी रोगट झाडाचं कलम निरोगी झाडावर बांधलं. निरोगी झाडही आजारी पडलं. रोग संसर्गजन्य आहे, याला याहून स्वच्छ पुरावा कोणता? कॅनडातून आलेल्या या माणसाची आठवण निघते ती बहुधा कॉफी आणि सुपारीच्या कोळेरोगामुळे. चंदनावरचं त्याचं काम माझ्या मते अधिक देखणं आहे.

गुन्हेगार दिसायला १९६९ उजाडलं. इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकाखाली रसवाहिन्यांत पेशीभित्तिका नसलेले जिवाणू आढळले. आज त्यांना फायटोप्लाझ्मा म्हणतात. त्यांच्याच कुळातल्या, कांद्यावरच्या एका जिवाणूत जपानी शास्त्रज्ञांना २००९ मध्ये टेंगू नावाचं छोटं प्रथिन सापडलं. ते ऑक्झिन या वाढीच्या संप्रेरकाच्या संदेशवहनातच अडथळा आणतं, शेंड्याचा वचक सुटतो आणि झाड खुरटून झाडूसारखं फुटतं.

चंदनाला टेट्रासायक्लिन हे प्रतिजैविक टोचून पाहिलं गेलं. काही काळ फूट पुन्हा नेहमीसारखी येते; औषधाचा अंमल ओसरला, की रोग परततो.