शहाणा माणूस सुरी कशाजवळ ठेवतो?

पश्चिम आफ्रिकेतल्या लायबेरियात क्पेले नावाचा शेतकरी समाज आहे. १९६०च्या दशकात अमेरिकी मानसशास्त्रज्ञ मायकेल कोल आणि त्यांचे सहकारी तिथे प्रयोग करत होते. त्यातल्या एका प्रयोगात खाण्याचे पदार्थ, अवजारं, भांडी आणि कपडे अशा वीस वस्तू समोर मांडून सांगितलं जाई, ‘जे एकमेकांबरोबर शोभतं ते एकत्र लावा.’ शाळेत गेलेला माणूस मुकाट्याने चार ढीग करेल. क्पेले शेतकऱ्यांनी जोड्या लावल्या. सुरी संत्र्याजवळ, कारण संत्रं सुरीने कापतात. कुदळ बटाट्याजवळ, कारण बटाटा कुदळीने खणून काढतात. शहाणा माणूस असंच करेल, हेही वर ऐकवलं. शेवटी संशोधकाने विचारलं, ‘बरं, मूर्ख माणूस कसं लावेल?’ तेव्हा चार ढीग व्यवस्थित तयार झाले.

बुद्धिमापन चाचणीत या मंडळींचे गुण कापले गेले असते. वर्गवारी करता येत नव्हती म्हणून नव्हे, तर ती करणं त्यांना खुळेपणाचं वाटत होतं म्हणून. संस्कृती आणि विचार यांच्या नात्याबद्दलचे आपले बरेच गैरसमज इथूनच सुरू होतात. समोरच्याची रीत वेगळी दिसली की आपण त्याची कुवत मोजायला बसतो.

‘शाळा नाही, म्हणून तर्क नाही’

१९३१ आणि १९३२ साली सोविएत मानसशास्त्रज्ञ अलेक्सांद्र लुरिया उझबेकिस्तानातल्या खेड्यांत हिंडले. शेतीचं सामूहिकीकरण नुकतंच सुरू झालं होतं. कधीही शाळा न पाहिलेले शेतकरी आणि थोडेफार वर्ग केलेले तरुण, असे दोन्ही त्यांना भेटले. लुरिया विचारत: दूर उत्तरेला, जिथे बर्फ असतो, तिथली सगळी अस्वलं पांढरी असतात. नोवाया झेम्ल्या दूर उत्तरेला आहे. तिथली अस्वलं कोणत्या रंगाची? आपल्याला वाटतं, यात विचारायचं ते काय! पण शेतकरी बधत नसत. आम्ही तिकडे गेलेलो नाही, जो जाऊन आलाय त्याला विचारा, असा त्यांचा सूर असे. थोडंफार शिकलेले तरुण मात्र ‘पांढरी’ म्हणून मोकळे होत.

यांना अमूर्त विचाराची सवय नाही, असा अर्थ लुरियांनी काढला. मला तो अर्धाच पटतो. जे पाहिलं नाही त्याबद्दल बोलू नये, हे मी पाहिलेलं नाही, म्हणून मी बोलणार नाही: हाही चोख तर्कच आहे. परक्या माणसाने टाकलेलं पहिलं विधान खरं धरून चालायला ते तयार नव्हते, एवढंच. आणि का धरावं? ऐकीव गोष्टीची साक्ष न देणं कुठल्याही गावात शहाणपणाचंच समजतात.

पुढे कोल आणि सिल्विया स्क्रिब्नर यांनी लायबेरियातल्याच वाई लोकांचा अभ्यास केला. वाईंची स्वतःची लिपी आहे. ती शाळेत नव्हे, ओळखीपाळखीच्या माणसाकडून शिकतात आणि पत्रं, हिशेब यांसाठी वापरतात. १९८१ साली आलेल्या त्यांच्या पुस्तकातला निष्कर्ष असा, की नुसती वाई लिपी येत असल्याने अस्वलासारख्या कोड्यांच्या उत्तरात फारसा फरक पडत नाही, शाळेत गेल्याने पडतो. म्हणजे गोष्ट अक्षरओळखीची नव्हे, शाळा नावाच्या रिवाजाची आहे. तिथे ज्याला उत्तर माहीत आहे तोच प्रश्न विचारतो. घरात कुणी दिवसभर असं वागलं तर आपण वैतागू.

‘मुलांच्या वाढीचं वेळापत्रक जगभर एकच’

‘अजून रांगत नाही?’ या प्रश्नाने कितीतरी आयांची झोप उडवली आहे. जागतिक आरोग्य संघटनेने घाना, भारत, नॉर्वे, ओमान आणि अमेरिका इथल्या निरोगी बाळांवरून काढलेले निष्कर्ष २००६ साली प्रसिद्ध केले. स्वतंत्रपणे चालायला लागण्याचा काळ त्यात ८.२ महिन्यांपासून १७.६ महिन्यांपर्यंत पसरलेला आहे. हातगुडघ्यांवर कधी रांगलीच नाहीत अशी बाळं सुमारे ४.३ टक्के होती.

यात घरच्या वळणाचाही वाटा असतो. केनियातल्या किप्सिगिस समाजात आया बाळाला बसायला आणि चालायला मुद्दाम शिकवतात. जमिनीत छोटा खळगा करून, पाठीला आधार देऊन बाळाला त्यात बसवतात. चार्ल्स सुपर यांना १९७०च्या दशकात दिसलं, की ही बाळं पाश्चात्त्य बाळांच्या आधी बसतात आणि चालतात, पण रांगण्यात पुढे नसतात. कारण रांगणं त्यांना कुणी शिकवत नाही. आपल्याकडचा पांगुळगाडाही बाळाला चालतं करायच्या अशाच हौसेतून आलेला.

धीर धरण्याचंही तसंच. ‘आत्ता एक खाऊ, थांबलास तर दोन’ ही अमेरिकेत गाजलेली चाचणी कॅमेरूनच्या न्सो शेतकरी कुटुंबांतल्या चार वर्षांच्या मुलांना आणि जर्मनीतल्या मध्यमवर्गीय मुलांना दिली, तेव्हा न्सो मुलांपैकी सुमारे ७० टक्के थांबली, जर्मन मुलांपैकी २८ टक्के. काही न्सो मुलं तर वाट पाहता पाहता झोपून गेली. यावरून आफ्रिकी मुलं जन्मजात संयमी असं म्हणायचा मोह होईल, म्हणून २०२२चा एक अभ्यास पाहा. खाऊ समोर असताना जपानी मुलं जास्त थांबली, पण कागदात गुंडाळलेली भेट समोर असताना अमेरिकी मुलं. जपानी घरात सगळ्यांची पानं वाढून होईपर्यंत थांबायची शिस्त, अमेरिकी घरात नाताळची भेट वेळेआधी न उघडण्याची. नैवेद्य दाखवेपर्यंत मोदकाकडे नुसतं बघत बसलेल्या मुलांना हे वेगळं सांगायला नको.

‘मग सगळं संस्कृतीच ठरवते’

हा उलटा गैरसमज, आणि सुशिक्षितांत जास्त. सारख्या लांबीच्या दोन रेषा घ्या. एकीच्या टोकांना बाणासारखे आत वळलेले पंख, दुसरीच्या टोकांना बाहेर उघडलेले. दुसरी लांब वाटते. डब्ल्यू. एच. आर. रिव्हर्स यांना १८९८ साली टोरेस सामुद्रधुनीतल्या बेटांवर आणि नंतर निलगिरीतल्या तोडा लोकांत दिसलं, की हा भास त्यांना इंग्रजांपेक्षा कमी होतो. चौकोनी घरांत, काटकोनांत वाढलेले डोळेच फसतात, असा सिद्धान्त पुढे मांडला गेला. पण भारतात ‘प्रोजेक्ट प्रकाश’मध्ये जन्मांध मुलांवर शस्त्रक्रिया झाल्यानंतर तपन गांधी, पवन सिन्हा आणि सहकाऱ्यांनी तपासलं, तर दृष्टी आल्याबरोबर त्या मुलांनाही हाच भास झाला. घरं, कोपरे बघायला त्यांना सवडच मिळाली नव्हती. भासाचं मूळ मेंदूच्या जुन्या रचनेत असावं. संस्कृतीने त्यात फार तर कमीजास्त केलं असेल.

‘आपण समूहवादी, ते व्यक्तिवादी’

व्हॉट्सॲपवरचं हे आवडतं तत्त्वज्ञान. त्यात तथ्य नाही असं नाही. जोन मिलर यांनी १९८४ साली म्हैसूरच्या हिंदूंची आणि शिकागोच्या अमेरिकनांची तुलना प्रसिद्ध केली. कुणी वाईट वागलं तर अमेरिकी प्रौढ त्याच्या स्वभावावर बोट ठेवत, म्हैसूरचे प्रौढ परिस्थितीवर आणि नात्यांवर. पण आठ वर्षांच्या मुलांत हा फरक जवळपास नव्हता. तो वयाबरोबर वाढत गेला, म्हणजे शिकलेला होता.

शिवाय ‘पौर्वात्य’ असा एकसंध माणूस कुठेच भेटत नाही. थॉमस टॅलहेल्म यांनी २०१४ साली चीनमध्येच दोन तऱ्हा दाखवल्या: भात पिकवणारा दक्षिण भाग अधिक परस्परावलंबी, गव्हाचा उत्तर भाग अधिक व्यक्तिवादी. भाताला पाणी वाटून घ्यावं लागतं आणि लावणीला माणसं लागतात. कोकणात सावडीने एकमेकांच्या शेतात उतरणाऱ्यांना यामागचं कारण समजावून सांगावं लागणार नाही. टीकाकारांनी विचारलं, फरक भाताचाच कशावरून? उत्तर-दक्षिणेत इतर फरक थोडे आहेत का?

२०२४ साली टॅलहेल्म आणि शियावेई दोंग यांनी चीनच्या निंगशिया स्वायत्त प्रदेशातल्या दोन सरकारी शेतांचा अभ्यास पुढे आणला. सरकारने लोकांना तिथे जवळपास चिठ्ठ्या टाकल्यासारखं वाटून दिलं होतं, काहींच्या वाट्याला भात आला, काहींच्या गहू. तिथेही भातवाले गहूवाल्यांपेक्षा अधिक समूहनिष्ठ निघाले. दोन्हीकडचे लोक हान चिनी, प्रदेश एकच, सरकार एकच. अर्थात हे सरासरीचे आकडे आहेत. गव्हाच्या शेतावरही मित्रासाठी जीव टाकणारी माणसं होती, आणि भाताच्या शेतावरही आपल्यापुरतं पाहणारी.