न्हाणीतून उलटे येणारे पाणी

बाहेर मुसळधार पाऊस चालू आहे, घरात कोणी नळसुद्धा उघडलेला नाही, आणि तरी न्हाणीच्या जाळीतून काळपट पाणी बुडबुडत वर येते आहे. बडोद्यातल्या मांजलपुरात तळमजल्याच्या टेनामेंट आणि डुप्लेक्स घरांच्या रांगाच्या रांगा आहेत. अशा वस्तीत यावर निघणारा निष्कर्ष ठरलेला असतो: लाइन चोकअप झाली. सळई घालणाऱ्या माणसाला फोन जातो, तो येईपर्यंत ॲसिडची बाटली रिकामी होते. दोन तासांनी पाऊस ओसरतो, पाणी आपसूक उतरते आणि श्रेय ॲसिडला मिळते. खरे चोकअप असे वागत नाही. नळीत काही अडकले असेल तर आपण ओतलेले पाणी साचते. ओतणे थांबवले की चढणेही थांबते, आणि पाऊस असो वा ऊन, दोष तसाच राहतो. पावसातच उद्भवणारा आणि पावसाबरोबर जाणारा दोष बहुधा घराच्या नळीत नसतो. घरातले शेवटचे चेंबर आणि रस्त्यावरच्या ड्रेनेजची पातळी यांची तुलना केली की खात्री पटते. आपले चेंबर काठोकाठ आणि रस्त्यावरची लाइन खाली वाहती असेल तर अडथळा आपल्या हद्दीत आहे. दोन्हीकडे पाणी सारखेच चढलेले असेल तर आपल्या हद्दीत अडलेले काहीच नाही, बाहेरची लाइन भरली आहे. अशा वेळी घरात कितीही सळया घातल्या तरी पाणी जाणार कुठे?

भरलेल्या लाइनमधले पाणी दाबाने वर चढते आणि जे तोंड सर्वांत खाली असेल तिथून बाहेर पडते. रस्त्यावरच्या मॅनहोलचे झाकण ही त्याची साधारण मर्यादा, कारण तिथवर चढल्यावर ते रस्त्यावरच सांडू लागते. म्हणून त्या झाकणापेक्षा खाली असलेली प्रत्येक न्हाणी, मोरी आणि संडास धोक्यात असतो. जर्मनीतली मानके ही पातळी सर्वसाधारणपणे रस्त्याच्या उंचीइतकी धरतात आणि तिच्याखालच्या प्रत्येक तोंडाला संरक्षण देण्याची जबाबदारी घरमालकावर टाकतात. आपल्याकडे रस्त्यावर डांबराचे थर चढत जातात, घरांची जोती मात्र जिथल्या तिथे राहतात. वीस वर्षांपूर्वी रस्त्याच्या वर असलेली न्हाणी आज खाली गेलेली असू शकते. ओटला उंच केला, फाटकात पाळ बांधली की पाणी घरात येणार नाही, हा समज इथेच फसतो. पाळ रस्त्यावरून येणारे पाणी अडवते. लादीखालच्या नळीला तिची खबरही नसते.

मग बाहेरची लाइन भरते कशाने? बहुतेकांचे उत्तर ‘पावसाने’ असते. ते बरोबर आहे, पण पाऊस त्या लाइनमध्ये शिरायलाच नको होता. सांडपाण्याची लाइन आणि वरसादी, म्हणजे पावसाच्या पाण्याचे, गटर या दोन वेगळ्या व्यवस्था आहेत. पहिलीने शुद्धीकरण केंद्राकडे जायचे, दुसरीने कांसांतून, म्हणजे पावसाळी नाल्यांतून, विश्वामित्री नदीकडे. पहिलीचा आकार माणसांच्या वापरावर ठरतो. केंद्र सरकारच्या नियमपुस्तिकेप्रमाणे माणशी रोज १३५ लिटर पाणी आणि त्यातले सुमारे ८० टक्के सांडपाणी धरले, तर पाच जणांच्या घरातून दिवसाला ५४० लिटर बाहेर पडते, म्हणजे तासाला सरासरी साडेबावीस. सकाळच्या गर्दीसाठी छोट्या वस्तीत याच्या तिप्पट, म्हणजे तासाला साडेसदुसष्ट लिटर धरतात. आता गच्चीकडे पाहा. हजार चौरस फुटांच्या गच्चीवर एका तासात एक इंच पाऊस पडला तर सुमारे २,३६० लिटर पाणी जमते. घराच्या चार दिवसांच्या सांडपाण्याहून ते जास्त आहे, आणि येते एका तासात. अनेक घरांत गच्चीचा पाइप सोयीसाठी जवळच्या ड्रेनेज चेंबरमध्येच सोडलेला असतो. बांधकामाच्या वेळी चार-पाच मीटर पाइप वाचतो, एवढाच त्याचा फायदा.

‘माझ्या एका गच्चीने काय होणार?’ हा आक्षेप रास्त वाटतो, पण हिशेबाला टिकत नाही. २,३६० ला साडेसदुसष्टने भागले तर पस्तीस येतात. म्हणजे पस्तीस घरांच्या सोसायटीत एकानेच गच्ची ड्रेनेजला जोडली, तरी त्या तासात लाइनमध्ये आणखी पस्तीस घरांच्या सकाळच्या गर्दीइतकी भर पडते. पाच जणांनी जोडली तर विचारायलाच नको. दुसरा आक्षेप अधिक वजनाचा आहे: हे पाणी रस्त्यावर सोडले तर रस्ता तुंबेल. तुंबेलही. पण रस्त्यावरचे पावसाचे पाणी वरसादी गटरात जाते, आणि गेले नाही तरी रस्त्यावरच राहते. ड्रेनेजमध्ये सोडलेले तेच पाणी मैल्यात मिसळून कोणाच्या तरी स्वयंपाकघरापर्यंत पोहोचते. बहुधा सोडणाऱ्याच्या नव्हे, उताराकडच्या शेजाऱ्याच्या. अंगणात जागा असेल तर गाळणी लावून हे पाणी जमिनीत जिरवता येते. मात्र शोषखड्डा मोठ्या पावसात भरतोच, म्हणून त्याचे जादा पाणीही वरसादी गटराकडे गेले पाहिजे, ड्रेनेजकडे नाही.

याच चुकीचे दुसरे रूप म्हणजे अंगणात किंवा रस्त्यावर पाणी साचले की ड्रेनेजचे झाकण उचलून देणे. पाणी गोल फिरत खाली जाताना दिसते आणि उचलणाऱ्याला लोकसेवा केल्याचे समाधान मिळते. प्रत्यक्षात गुडघाभर पाऊस एकदम सांडपाण्याच्या लाइनमध्ये ओतला जातो, शिवाय त्याबरोबर माती आणि प्लॅस्टिकही, जे पावसाळ्यानंतर खरोखर चोकअप करते. उघड्या झाकणाची दुसरी किंमत मुंबईने पाहिली आहे. २९ ऑगस्ट २०१७ च्या पावसात पोटविकारतज्ज्ञ डॉ. दीपक अमरापूरकर पाण्याखाली न दिसणाऱ्या उघड्या मॅनहोलमध्ये पडले. दोन दिवसांनी त्यांचा मृतदेह वरळीला सापडला.

यावर कोणी म्हणेल, सगळे खापर घरमालकांवर फोडून महानगरपालिका मोकळी कशी? मोकळी नाहीच. लाइन वेळेवर साफ करणे, पंपिंग स्टेशन चालू ठेवणे, कांसांवरची अतिक्रमणे हटवणे हे घरमालकाचे काम नव्हे. पण ‘साफसफाई झाली असती तर पाणी आलेच नसते’ हे विधान बडोद्याच्या भूगोलापुढे टिकत नाही. पावागडच्या डोंगरातून येणारी विश्वामित्री शहराच्या मधून वाहते आणि शहरातल्या पावसाच्या पाण्याला तिच्याखेरीज मोठी वाट नाही. ऑगस्ट २०२४ च्या अखेरीस तिची पातळी ३५ फुटांच्या वर गेली. धोक्याची पातळी २६ फूट आहे. आजवा सरोवराचे पाणी, वरच्या भागातला पाऊस आणि शहरातला पाऊस एकत्र आले की नदीच कांसांच्या तोंडापेक्षा उंच होते. मग कांस भरतात, उलटे वाहू लागतात, बुडालेल्या मॅनहोलच्या झाकणांतून पाणी ड्रेनेजमध्ये शिरते आणि झाडून-पुसून ठेवलेली लाइनही तुडुंब होते. पाऊस थांबून कित्येक तास झाले तरी न्हाणीतले पाणी उतरत नाही ते यामुळेच. २०२५ च्या पावसाळ्याआधी नदीपात्र खोल आणि रुंद करण्याचे मोठे काम झाले. अशा कामाने नदी चढण्याचा धोका कमी होतो, पण ड्रेनेजला जोडलेली गच्ची तशीच राहते. ते दोन वेगळे प्रश्न आहेत आणि एकाचे उत्तर दुसऱ्याला पुरत नाही.

ॲसिडचा विषय एवढ्यावर सोडता येत नाही. भरलेल्या लाइनवर त्याचा काही परिणाम होत नाही, पण पाणी उतरल्यावर तीच न्हाणी ब्लीचिंग पावडरने धुतली आणि आत ॲसिड उरले असेल तर क्लोरीन वायू सुटतो. बंद न्हाणीत तो फुप्फुसांना गंभीर इजा करतो. एकावेळी एकच, आणि मध्ये भरपूर पाणी. याहून घातक म्हणजे चेंबरमध्ये किंवा मैलाटाकीत माणूस उतरवणे. जून २०१९ मध्ये इथून जवळच, डभोई तालुक्यातल्या फरतीकुई गावी, एका हॉटेलची मैलाटाकी साफ करताना सात जण गुदमरून मेले. २०१३ च्या कायद्याने अशा धोकादायक सफाईला बंदी आहे आणि ती खासगी घरमालकालाही लागू आहे. ‘पाच मिनिटांचे तर काम’ ही सबब टाकीतल्या वायूला कळत नाही.

राहिला एनआरव्ही, म्हणजे उलट्या प्रवाहाला बंद होणारी झडप. ती बसवली की चिंता मिटली, असे विकणारे सांगतात. झडप उपयोगी आहेच, पण बंद असताना ती घरातले पाणीही बाहेर जाऊ देत नाही. गच्चीचा पाइप झडपेच्या आतल्या बाजूला जोडलेला असेल तर स्वतःच्याच गच्चीचे पाणी न्हाणीतून वर येईल, आणि त्या वेळी महानगरपालिकेला बोल लावण्याचीही सोय उरणार नाही. तेव्हा आधी गच्ची वेगळी करायची, मग झडप. ती घरातल्या शेवटच्या चेंबरमध्ये, हात पोहोचेल अशा ठिकाणी हवी, कारण केस आणि चिंध्या अडकल्या की पाकळी पूर्ण मिटत नाही. मजल्यांच्या इमारतीत प्रश्न आणखी नाजूक होतो: झडप मिटलेली असताना तिसऱ्या मजल्यावर ओढलेला फ्लश तळमजल्यावर प्रकट होतो. पाणी चढल्याचा निरोप आला की वरच्यांनी आंघोळ आणि धुणे थांबवायचे, हे पावसाळ्याआधीच सोसायटीच्या सभेत ठरलेले बरे. भर पावसात जिन्यावर ठरवायला गेले तर भांडण होते.

झडप नसेल तर जाळीवर वजन ठेवण्याचा जुना उपाय हसण्यावारी नेण्यासारखा नाही. चार इंची तोंडावर एक फूट चढलेल्या पाण्याचा दाब अडीच किलोपेक्षाही कमी भरतो. प्लॅस्टिकच्या पिशवीत घट्ट बांधलेली, पाच किलो वाळूची मऊ थैली तोंडावर नीट बसली तर फूटभर पाण्याला पुरते. दगड किंवा पाटा जड असतो, पण त्याच्या कडेने पाणी झिरपते. मात्र एक तोंड दाबले की पाणी पुढचे सर्वांत खालचे तोंड शोधते, म्हणून न्हाणी, मोरी, संडास आणि कपडे धुण्याच्या मशीनची निचरा-नळी या सगळ्यांची सोय एकदमच करावी लागते. आणि जमिनीखालच्या पिण्याच्या पाण्याच्या टाकीचे झाकण असे पाणी चढलेल्या अंगणात असेल, तर पाणी उतरल्यावर टाकी उपसून, क्लोरीनने धुऊन घेईपर्यंत तिच्यातले पाणी पिऊ नये, वरून ते कितीही स्वच्छ दिसले तरी.