व्यावसायिक निर्णय आणि शक्यतादर्शक शब्द

निर्णय ही मुख्यत्वे गणिताची बाब आहे, अशी व्यवस्थापनशास्त्राच्या अनेक अभ्यासकांची धारणा राहिलेली आहे. किती माल तयार करावा, किती साठवावा, कोणत्या मार्गाने पाठवावा, या प्रश्नांसाठी दुसऱ्या महायुद्धाच्या काळापासून ज्या गणिती पद्धती विकसित झाल्या, त्यांची उपयुक्तता निर्विवाद आहे. तथापि गणितात घालावयाचे आकडे निर्णय घेणाऱ्यापर्यंत नेहमी आकड्यांच्याच रूपाने पोहोचतात असे नाही. 'मागणी वाढण्याची बरीच शक्यता आहे', 'कर्ज वसूल होण्याबाबत शंका वाटते', अशा वाक्यांच्या रूपानेच ते पुष्कळदा येतात. ही वाक्ये आकड्यांचे केवळ वेष्टन होत, की निर्णयाचाच एक घटक होत, हा प्रश्न व्यवस्थापनशास्त्राइतकाच भाषाशास्त्राचाही आहे. प्रस्तुत लेखात त्याचाच थोडक्यात विचार करावयाचा आहे.

हर्बर्ट सायमन यांनी १९४७ मध्ये प्रसिद्ध केलेल्या प्रशासकीय वर्तनावरील ग्रंथात असे दाखवून दिले, की मनुष्याची माहिती, स्मरण व गणनशक्ती ही मर्यादित असल्यामुळे तो सर्वोत्तम पर्याय शोधीत नाही. पुरेसा समाधानकारक पर्याय सापडताच थांबतो. पुढे १९५८ मध्ये जेम्स मार्च यांच्या सहकार्याने लिहिलेल्या 'ऑर्गनायझेशन्स' या ग्रंथात त्यांनी एक महत्त्वाची कल्पना मांडली. तिला आपण 'अनिश्चिततेचे शोषण' म्हणू. पुराव्यावरून एकजण अनुमान काढतो आणि वरच्या पायरीला पुराव्याऐवजी ते अनुमानच कळवितो. समजा, एखाद्या कारखान्याचा प्रतिनिधी वीस दुकानांत फिरला. सात दुकानदारांनी नव्या मालाचे स्वागत केले, पाचांनी नकार दिला, उरलेल्यांनी 'पाहू' म्हटले. त्याने लिहिले, 'प्रतिसाद समाधानकारक आहे.' शाखाधिकाऱ्याने त्यावरून लिहिले, 'मागणी अपेक्षित आहे.' संचालक मंडळापुढे तेच वाक्य 'मागणी आहे' असे होऊन आले. यात असत्य कोणीच बोलले नाही. परंतु आठ दुकानदारांचे 'पाहू' मात्र वाटेतच नाहीसे झाले.

शब्दाचा हा प्रभाव प्रयोगानेही तपासून पाहण्यात आला आहे. रिचर्ड सायर्ट, जेम्स मार्च व विल्यम स्टारबक यांनी १९६१ मध्ये 'मॅनेजमेंट सायन्स' या नियतकालिकात एक प्रयोग प्रसिद्ध केला. त्यात ३२ विद्यार्थ्यांना दोन साहाय्यकांनी दिलेल्या वेगवेगळ्या अंदाजांवरून एकच अंदाज ठरविण्यास सांगितले होते. एकदा ते अंदाज उत्पादनखर्चाचे म्हणून सांगितले, तर एकदा विक्रीचे म्हणून. आकडे तेच, केवळ नाव निराळे. 'खर्च' म्हणताच विद्यार्थ्यांचा कल मोठ्या आकड्याकडे झाला. 'विक्री' म्हणताच तो लहान आकड्याकडे वळला. एका शब्दाबरोबर जबाबदारीची एक संपूर्ण कल्पना येते व ती आकड्यालाही वाकविते, असाच याचा अर्थ होय.

दुसरे उदाहरण व्यापाराच्या क्षेत्रातील नाही. परंतु अहवाल लिहिणारे एक आणि निर्णय घेणारे दुसरे, ही रचना तेथेही तीच आहे. अमेरिकेच्या गुप्तवार्ता विभागाने १९५१ मध्ये, सोव्हिएत गटाकडून युगोस्लाव्हियावर आक्रमण होण्याची 'गंभीर शक्यता' आहे, असा अहवाल दिला. त्याच्या कर्त्यांपैकी एक, इतिहासाचे प्राध्यापक शर्मन केंट, यांना एका अधिकाऱ्याने या शब्दांचा अर्थ विचारला. केंट यांच्या मनात आक्रमणाच्या बाजूने शंभरात ६५ असे प्रमाण होते. विचारणाऱ्याने ते पुष्कळच कमी धरले होते. मग केंट यांनी आपल्या सहकाऱ्यांना विचारले, तेव्हा त्यांची उत्तरे २० पासून ८० पर्यंत पसरलेली आढळली. सर्वांनी एकमताने मान्य केलेल्या वाक्यावर वस्तुतः एकमत झालेलेच नव्हते. हा अनुभव केंट यांनी १९६४ मध्ये लेखरूपाने मांडला.

केवळ संदिग्धता हा मात्र या शब्दांचा एकमेव विशेष नव्हे. कार्ल टायगेन व व्हिबेके ब्रुन या नॉर्वेतील संशोधकांनी १९९९ मध्ये दाखविले, की शक्यतादर्शक शब्दांना परिमाणाप्रमाणेच दिशाही असते. 'काहीशी शक्यता आहे' व 'बरेच अनिश्चित आहे' हे शब्दप्रयोग साधारण सारख्याच आकड्याचे द्योतक मानले गेले, तरी पहिला ऐकणारा होकाराकडे झुकतो व दुसरा ऐकणारा नकाराकडे. फ्रेंच भाषेतील 'थोडे' व 'थोडेच' या अर्थाच्या शब्दांविषयी ऑस्वाल्ड ड्युक्रो आणि झाँ-क्लोद आन्स्कोंब्र यांनी असाच विचार मांडला होता. शब्द काय सांगतो याबरोबरच तो कोणत्या निष्कर्षाकडे नेतो, हेही त्याच्या अर्थाचे अंग होय, असे त्यांचे प्रतिपादन आहे.

मराठीत याची साक्ष फार दूर शोधावी लागत नाही. 'कर्ज फिटण्याची थोडी शक्यता आहे' आणि 'कर्ज फिटण्याची शक्यता थोडीच आहे' ही दोन वाक्ये पाहावीत. आकडा विचारला, तर दोहोंचा कदाचित एकच निघेल. परंतु पहिल्या वाक्यापुढे 'म्हणून मुदत वाढवावी' असे सहज येते, आणि दुसऱ्यापुढे 'म्हणून जप्ती करावी'. दोहोंमधील अंतर शब्दक्रमाचे व एका 'च'चे. पण त्या 'च'वर एखाद्या शेतकऱ्याची जमीन वा कारागिराचे यंत्र अवलंबून असू शकते. 'बहुधा', 'कदाचित', 'संभवते', 'नाकारता येत नाही' यांचेही तसेच आहे. 'नाकारता येत नाही' या प्रयोगात तर लिहिणाऱ्याची सुटका आधीच करून ठेवलेली असते: घटना घडली तर 'मी सांगितले होते', न घडली तर 'मी कोठे निश्चित म्हटले होते?'

यावर उपाय कोणता? केंट यांनी प्रत्येक शब्दाला आकडा नेमून दिला. 'जवळजवळ निश्चित' म्हणजे शंभरात सुमारे ९३, 'संभाव्य' म्हणजे सुमारे ७५, याप्रमाणे. त्यांच्या काही सहकाऱ्यांना हे रुचले नाही. अशा सहकाऱ्यांना केंट यांनी 'कवी' म्हटले व आकड्यांचा आग्रह धरणाऱ्यांना 'गणिती'. तथापि नेमून दिलेला अर्थ वाचक मनात धरतोच असे नाही. हवामानबदलाविषयीच्या आंतरराष्ट्रीय अहवालांतील अशा शब्दांचा डेव्हिड बुडेस्कू व त्यांच्या सहकाऱ्यांनी अभ्यास केला व तो २००९ मध्ये प्रसिद्ध झाला. व्याख्या उपलब्ध असूनही वाचक या शब्दांना त्यांहून सौम्य अर्थ लावतात. वाक्यातच शब्दाशेजारी आकड्यांची मर्यादा दिली असता मात्र आकलन सुधारते, असे त्यांना आढळले.

म्हणून शब्द टाकून केवळ आकडा ठेवावा, असे मात्र सुचवावयाचे नाही. अनुमानामागील कारण व त्याविषयीची खात्री ही आकड्याने व्यक्त होत नाहीत. शब्द व आकडा एकत्र असावेत, आणि वरच्या पायरीला अनुमानाबरोबर मूळ पुराव्याचा सारांशही जावा, एवढेच म्हणणे आहे. मराठीत अहवाल लिहिणाऱ्या बँका, सहकारी संस्था व शासकीय कार्यालये यांच्या दृष्टीने हे काम विशेष अगत्याचे आहे. इंग्रजी शब्दाला मराठी प्रतिशब्द दिल्याने त्याचे परिमाण आणि दिशा ही दोन्ही आपोआप मराठीत उतरत नाहीत. शक्यतादर्शक मराठी शब्दांनी वाचकाच्या मनात कोणता आकडा उभा राहतो आणि तो कोणत्या बाजूस झुकतो, हे प्रत्यक्ष वाचकांना विचारूनच ठरवावे लागेल. ते काम कोशकार व व्यवस्थापनशास्त्रज्ञ यांनी मिळून करण्याजोगे आहे.