पदवीदानाच्या आदल्या रात्री झोप लागत नाही, गोळी घेऊ का?

घाटकोपरच्या माझ्या दवाखान्यात पदवीदानाच्या मोसमात हा फोन हमखास येतो. "डॉक्टर, उद्या मुलीचा समारंभ आहे आणि ती टक्क जागी आहे. आजीची झोपेची अर्धी गोळी देऊ का?" नका देऊ.

आनंद आणि भीती यांत शरीर फारसा फरक करत नाही. दोन्ही वेळी ॲड्रेनॅलिन वाढतं, छाती धडधडते, हात गार पडतात, पोटात गोळा येतो, सारखं लघवीला जावंसं वाटतं. झोप लागायला नाडी संथ व्हावी लागते. इथे नेमकं उलट घडत असतं. त्यात ग्रुपवर गाऊनच्या मापाची आणि साडी नेसायची की ड्रेस घालायचा याची चर्चा रात्री एकपर्यंत चालते. रात्री नऊला घेतलेल्या कॉफीतलं जवळजवळ निम्मं कॅफिन दोन वाजताही रक्तात असतं.

एका रात्रीच्या अपुऱ्या झोपेने तरुण, निरोगी माणसाचं काही बिघडत नाही. मोबाइल दुसऱ्या खोलीत ठेवा, घड्याळ बघू नका, डोळे मिटून पडून राहा. तेवढ्यानेही आराम मिळतो. माझ्या पदवीच्या आदल्या रात्री मीही असाच पंख्याकडे बघत पडलो होतो.

गोळीला मी इतका विरोध का करतो ते एका मुलीमुळे. मुंबई विद्यापीठाच्या बहुतेक विद्यार्थ्यांना पदवी आपापल्या कॉलेजातच मिळते. हिला मात्र फोर्टला, राजाबाई टॉवरच्या आवारात जायचं होतं. रात्री बाराला तिने आजीच्या पाकिटातली अल्प्राझोलामची एक गोळी घेतली, झोप येईना म्हणून तीनला दुसरी. सकाळी लोकलमध्ये तिचा तोल जात होता, आईने दंड धरून तिला सीएसएमटीला उतरवलं. फोटोत ती हसते आहे. पण स्टेजवर गेल्याचं तिला धूसरच आठवतं. या गटातल्या गोळ्यांचा हा ओळखीचा परिणाम आहे: त्यांच्या अमलात असताना नव्या आठवणी नीट साठत नाहीत. दारूसोबत त्या घेतल्या तर श्वासही मंदावू शकतो. सर्दीच्या गोळीनेही सकाळी सुस्ती राहते. धडधड थांबावी म्हणून मित्राने दिलेली प्रोप्रॅनोलॉल दम्याच्या रुग्णाला महागात पडू शकते.

समारंभाच्या दिवशी खरी अडचण चक्करेची असते. उपाशी पोट, मुंबईचा दमट उकाडा, अंगावर गाऊन आणि रांगेत तासभर उभं राहणं. पायांत रक्त साठतं, रक्तदाब उतरतो आणि मूल कोसळतं. निघताना पोहे-उपमा काहीतरी खाऊनच निघा, पाणी प्या, रांगेत गुडघे ताठ न ठेवता पावलं हलवत राहा. डोळ्यांपुढे अंधारी आली तर लाज न बाळगता खाली बसा. कोणी पडलंच तर भोवतीची गर्दी हटवा, आडवं झोपवून पाय उंच करा. मिनिटभरात शुद्ध आली नाही, झटके आले किंवा छातीत दुखत असेल तर १०८ ला फोन करा.

सोबत येणाऱ्या आजी-आजोबांकडेही लक्ष असू द्या. बीपीची गोळी गडबडीत राहून जाते. इन्सुलिन टोचून घेतलं आणि जेवण समारंभानंतर दोन वाजता, असं झालं तर साखर धोकादायक पातळीपर्यंत उतरते. पर्समध्ये ग्लुकोज किंवा साखर ठेवा.

समारंभ झाल्यावरही दोन-तीन आठवडे झोप उडालेली असेल तर मात्र दाखवा. बऱ्याचदा मागे नोकरीची काळजी असते, ती बोलल्यावर कळते. आणि मूल चार-पाच रात्री जेमतेम दोन-तीन तास झोपूनही थकत नसेल, भरभर बोलत असेल, मोठमोठे बेत आखून पैसे उधळत असेल, तर "आनंदात आहे" म्हणून सोडून देऊ नका. त्याला त्याच आठवड्यात मानसोपचारतज्ज्ञांकडे न्या.