भांगेचा फुलोरा आणि रात्रीची लांबी

भांग, गांजा व चरस ही एकाच वनस्पतीची रूपे होत, हे वैद्यकवर्गास विदित आहेच. तिला फुलोरा केव्हा येतो, हा प्रश्न मात्र वाटतो तितका सरळ नाही. हिवाळ्यात काचगृहात वाढविलेली ही झाडे अगदी बालवयात फुलतात, असे तुर्न्वा या फ्रेंच संशोधकाने १९१२ साली नोंदविले आणि १९१४ साली त्याचे कारण लांब रात्र असावी, असे सुचविले. पुढे तो महायुद्धात मारला गेला आणि या शोधाची कीर्ती १९२० साली गार्नर व अ‍ॅलार्ड यांना लाभली.

रात्र पुरेशी लांबली की फुलावे, हा बहुतेक वाणांचा नियम. परंतु ‘पुरेशी’ म्हणजे किती, हे वाणाच्या मूळ प्रदेशावर ठरते. उत्तर युरोपातील ताग्याचे वाण दक्षिणेकडे पेरल्यास झाड खुजे असतानाच फुलते व धागा तोकडा पडतो. उलट, विषुववृत्ताजवळील वाण उत्तरेस हिम पडण्यापूर्वी पक्वच होत नाहीत. रशिया व मध्य आशियातील ‘रुडेरालिस’ तर दिनमानाची पर्वाच करीत नाही; ठरावीक वय झाले की फुलते. (शिस्त मोडणारे सर्वत्र असायचेच!)

मादक राळ मुख्यतः मादी फुलोऱ्यावरील ग्रंथिल केसांत साठते. म्हणूनच १९८५ च्या अमली पदार्थविषयक कायद्यात गांजा म्हणजे फुललेले वा फळलेले शेंडे. शेंड्यांविना असलेली पाने व बिया त्यात येत नाहीत. परवान्याविना लागवड मात्र फुलोऱ्याआधीही गुन्हाच. रुग्ण ‘नुसती भांग घेतली’ म्हणाला, तरी पाने होती की शेंडे, हे अवश्य विचारावे.